कागदकामाच्या कटरची धार: राखायची कशी, लावायची कधी

कागदावर बारीक नक्षी कापताना वळणावर तंतू ओढले जाऊ लागले, आतल्या कोपऱ्यात कागद फाटला, की शिकणारा आधी आपल्या हाताला दोष देतो. हात बहुधा ठीकच असतो. पात्याची धार गेलेली असते आणि ती उणीव भरून काढायला आपण नकळत जास्त जोर लावत असतो. जोर वाढला की वळण नीट घेता येत नाही, पाते घसरते, आणि बोट कापण्याचा धोकाही तेव्हाच सर्वात जास्त असतो. म्हणून कागदकाम शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी नक्षीच्या आधी पात्याकडे बघायला सांगते.

कटरच्या छोट्या पात्याला दगडावर धार लावण्याची वेळ क्वचितच यायला हवी. पाते अजून चांगले कापत असतानाच त्याला अधूनमधून चामड्यावर ओढून घेतले, तर धार जातच नाही म्हटले तरी चालेल. पूर्ण बोथट झालेले पाते परत आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि पुष्कळदा त्या कष्टांची गरजही नसते. तरीही दगडावरची रीत मी खाली सविस्तर दिली आहे, कारण ती एकदा हाताने करून पाहिली की धार म्हणजे नेमके काय असते ते कळते.

धार जाते कशाने

कागद मऊ आणि पाते पोलादाचे, मग धार जाते कशी? कागदात नुसते तंतू नसतात. तो गुळगुळीत, पांढरा आणि अपारदर्शक व्हावा म्हणून त्यात खनिजांची अतिशय बारीक पूड घातलेली असते: कॅल्शियम कार्बोनेट, केओलिन ही पांढरी माती, काही कागदांत टायटॅनियम डायऑक्साइड. चकचकीत कागदावर तर अशा खनिजांचा आख्खा थरच चढवलेला असतो. पाते प्रत्येक कापात या पुडीतून जाते आणि त्याची कड थोडी थोडी गोल होत जाते. साध्या कागदावर बराच वेळ टिकलेली धार त्याच जाडीच्या चकचकीत कार्डावर लवकर जाते, ती यामुळे. चमकी चिकटवलेला कागद सगळ्यात वाईट. त्यासाठी एक जुने पाते बाजूला ठेवावे आणि चांगले पाते त्याला लावूच नये.

पण कागदापेक्षा मोठे नुकसान कागदाखालची वस्तू करते. काच, फरशी, स्टीलचा पत्रा यांवर कापले की टोक पहिल्याच रेघेत चेपते. लाकडी फळीवर पाते रेषांत अडकते आणि रेषांच्याच दिशेने ओढले जाते. कापायला पीव्हीसीची कटिंग मॅटच हवी. तिच्यात टोक किंचित रुतते आणि बाहेर आल्यावर मॅट पुन्हा मिटते. ही मॅट उन्हात किंवा गरम भांड्याखाली ठेवू नका, वाकलेली मॅट पुन्हा सपाट होत नाही. एकाच जागी वारंवार कापून तिथे चर पडले असतील तर मॅट फिरवून घ्या, कारण टोक त्या चरात शिरले की कापाची दिशा तो चरच ठरवतो.

तिसरे कारण म्हणजे बाजूने येणारा दाब. क्राफ्ट नाइफच्या, म्हणजे गोल मुठीच्या कटरच्या, ११ नंबरच्या टोकदार पात्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, आणि टोकाशी तर ती जवळजवळ काहीच उरत नाही. पाते कागदात असताना मनगट वळवून वळण घेतले की टोक मुरगळते आणि तुटते. वळण घेताना पाते स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवावा. नवशिक्यांनी ही एक सवय लावून घेतली तरी त्यांची निम्मी टोके वाचतील. स्टीलच्या पट्टीच्या कडेने कापताना पाते पट्टीला घासत न्यायचे नसते, फक्त टेकवत न्यायचे असते. आणि जाड कार्ड एका दमात कापू नका. हलक्या हाताने दोन-तीन वेळा त्याच रेघेवरून गेल्यावर कापही सरळ येतो आणि पातेही सुखरूप राहते.

कोणते पाते धार लावण्याजोगे

कागदकामात तीन तऱ्हेची पाती दिसतात. पहिले म्हणजे गोल मुठीच्या क्राफ्ट नाइफचे ११ नंबरचे टोकदार पाते. दुसरे शस्त्रक्रियेच्या स्काल्पेलचे. त्यातली १०ए आणि ११ नंबरची पाती ३ नंबरच्या मुठीत बसतात, आणि बारीक नक्षी कापणाऱ्यांपैकी अनेकांचा जीव १०एवर असतो. तिसरा प्रकार म्हणजे तुकडे मोडत पुढे जायचे कटर, ९ किंवा १८ मिलिमीटर रुंदीच्या पात्याचा. हा कटर जपानच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये बनवला. ते छापखान्यात काम करत आणि कागद कापता कापता बोथट होणारी पाती फेकून द्यावी लागतात हे रोज पाहत. पात्यावर आडव्या रेघा पाडून ठेवल्या आणि टोक बोथट झाले की तेवढाच तुकडा मोडला, तर नवे टोक आपोआप मिळते, ही त्यांची कल्पना होती.

तेव्हा मोडत जाणाऱ्या पात्याला दगडावर धार लावायच्या भानगडीत पडू नका, तुकडा मोडा. स्काल्पेलच्या पात्याला चामड्यावर ओढणे पुरते. दगडावर शिकायचे असेल तर ११ नंबरचे क्राफ्ट नाइफचे पाते घ्या. त्याची धार सरळ रेषेत असते आणि ते थोडे जाडही असते, म्हणून हाताखाली नीट बसते. सिरॅमिकचे पाते साध्या दगडाला दाद देत नाही, त्याला हिऱ्याची पूड असलेली प्लेट लागते. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पोलाद कोणते आहे तेही पाहा. कार्बन स्टीलला चांगली तीक्ष्ण धार येते पण ते गंजते. स्टेनलेस सहसा गंजत नाही, मात्र बारीक कामाला बहुतेक जण कार्बन स्टीलच पसंत करतात. मीही त्यांच्यातलीच.

बोथट झाले हे ओळखायचे कसे

कापलेला कागद उलटा करून मागची कड बघा. धार असेल तर कड दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ दिसते. धार जाऊ लागली की मागच्या बाजूला बारीक केस उभे राहतात, आणि रंगीत कागदावर कडेने फिकट रेघ दिसते. आवाजही बदलतो. तीक्ष्ण पाते जवळजवळ गुपचूप जाते, बोथट पाते खरखरते.

दुसरी परीक्षा उजेडाची आहे. पात्याची धार वरच्या बाजूला करून दिव्याखाली धरा आणि थोडे मागेपुढे कलवा. तीक्ष्ण धारेला प्रकाश परावर्तित करायला जागाच नसते, त्यामुळे ती दिसत नाही. कुठे चमकता ठिपका दिसला तर तिथे कड चेपली किंवा गोल झाली आहे असे समजा. टोकाशी असा ठिपका सगळ्यात आधी येतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर तुटलेले टोक स्पष्ट दिसते.

शेवटची परीक्षा पातळ टिश्यू पेपरवर. मॅटवर टिश्यू पसरा, हात न दाबता एक छोटे अर्धवर्तुळ कापा. टिश्यू चुणला किंवा पात्याबरोबर ओढला गेला, तर पाते घासायला झाले. बोटावर किंवा नखावर धार तपासू नका.

चामड्यावर ओढणे

हे काम नियमाने करायचे आहे, म्हणून त्याची तयारी कायमची करून ठेवा. एक सपाट लाकडी पट्टी घ्या, तळहाताएवढी लांब पुरे. तिच्यावर गुळगुळीत चामड्याचा तुकडा चिकटवा. चामडे नसेल तर वह्यांच्या पाठीला असतो तसला राखाडी पुठ्ठा चिकटवला तरी चालतो. छोट्या पात्यांना तर मला पुठ्ठाच जास्त आवडतो, कारण मऊ चामडे दाबले जाऊन धारेभोवती वर येते आणि कड गोल करते. त्यावर हिरवी पॉलिशिंगची वडी खडूसारखी घासा. या वडीत क्रोमियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड असते. पातळ हिरवट थर दिसला की थांबा. जाड थराचे गोळे होतात आणि पाते त्यांच्यावर उड्या मारते.

आता पाते मुठीत घट्ट बसवा आणि पट्टीवर सपाट ठेवा. पात्याची पाठ हळूच उचलत जा, धारेची उतरती बाजू, म्हणजे पाते धारेकडे निमुळते होत जाते तो भाग, पट्टीला पूर्ण टेकेपर्यंत. ११ नंबरचे पाते रुंद भागात सुमारे ६ मिलिमीटर असते. पाठ तिथे दीड मिलिमीटर उचलली की साधारण १५ अंशांचा कोन होतो. सुरुवातीला एवढा अंदाज धरा, पुढे हाताला त्या टेकण्याची जाणीव आपोआप होते.

पाते ओढताना पाठ पुढे आणि धार मागे, हा नियम मोडायचा नाही. उलटे नेले तर चामडे कापले जाते आणि धारही बिघडते. एका बाजूने एक ओढ, मग पाते उलटून दुसऱ्या बाजूने एक ओढ, अशा प्रत्येक बाजूला दहा ओढी पुरतात. जोर मुठीच्या वजनाइतकाच. ओढ संपते तिथे पाते थांबवा आणि मग सरळ वर उचला. थांबायच्या आधी मनगट वळवून उचलायची सवय अनेकांना असते. त्या शेवटच्या क्षणी कोन वाढतो आणि धार पट्टीवर उभी राहून गोल होते, म्हणजे दहा ओढींचे काम एका झटक्यात वाया. पट्टीवर काळसर रेघा उमटू लागल्या की पोलाद निघते आहे, काम बरोबर चालले आहे.

यानंतरची पायरी विसरली तर नक्षीचा पांढरा कागद खराब होतो. पात्यावर हिरव्या-काळ्या पॉलिशचा सूक्ष्म लेप राहिलेला असतो आणि पहिल्याच कापाच्या कडेला तो उतरतो. घडी घातलेल्या जाड कापडाने पाते पुसा, पुसताना कापड नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर न्या. मग एका टाकाऊ कागदावर चार काप घ्या. कडा स्वच्छ आल्या की खऱ्या कामाला लागा.

किती वेळा ओढायचे? काम सुरू करण्याआधी एकदा, आणि पुढे नक्षीचा एक भाग संपून दुसरा सुरू करताना. पाते कुरकुर करू लागण्याची वाट पाहायची नाही. कड अगदी किंचित वळली किंवा झिजली असेल तर पॉलिश तेवढे सरळ करू शकते. खरोखर गोल झालेली कड ते परत आणू शकत नाही, आणि तुटलेले टोक तर नाहीच.

दगडावर किंवा वॉटर पेपरवर

चामड्यावर ओढूनही टिश्यू चुणत असेल तर पुढची पायरी. धारेचा दगड असेल तर उत्तम. नसेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, काचेच्या सपाट तुकड्यावर ओला करून चिकटवा, पाण्यानेच तो धरून राहतो. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. एवढ्या पातळ पात्याला २००० नंबरपासून सुरुवात करा. १००० नंबर फक्त कडेला दाते पडले असतील तरच. पी २००० च्या वॉटर पेपरचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात. त्याच्यापुढे ३ मायक्रॉनची आणि मग १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (घासकणांचा बारीक थर दिलेली प्लास्टिकची पातळ फिल्म) मिळाली तर धार फारच सुरेख येते.

आता एक अडचण येते आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. मूठ पात्यापेक्षा खूप जाड असते. दगड टेबलावर ठेवला की मूठ टेबलाला अडते, मग माणूस मूठ वर उचलतो आणि फक्त टोक घासले जाऊन गोल होते. यावर उपाय सोपा: दगड किंवा काच दोन-तीन सेंटिमीटर उंच लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि मूठ ठोकळ्याच्या बाहेर खाली लोंबेल अशा बाजूला बसा. सगळी धार, मुठीजवळच्या भागापासून टोकापर्यंत, एकाच वेळी दगडाला टेकली पाहिजे.

घासण्याआधी धारेच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर काळ्या मार्करने रंग द्या. दोन हलक्या ओढी मारून पाहा. रंग फक्त धारेच्या अगदी कडेला गेला असेल तर पाठ जास्त उचलली आहे, फक्त पाठीकडच्या भागात गेला असेल तर कमी. पूर्ण उतरत्या भागावरून सारखा गेला की कोन जुळला. हा मार्करचा उपाय कोन मोजण्याच्या कुठल्याही साधनापेक्षा भरवशाचा आहे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पात्यांचे कोन वेगवेगळे असतात आणि मार्कर तुमच्या हातातल्या पात्याचा कोन दाखवतो.

दगडावर पाणी ठेवा. तर्जनी पात्याच्या सपाट बाजूवर, धारेपासून दूर. दुसरा हात दगडाच्या मागे, पात्याच्या वाटेत कधीच नाही. इथेही पाठ पुढे ठेवून ओढा. एका बाजूला पाच-सहा ओढी झाल्या की थांबून दुसऱ्या बाजूची कड तपासा. घासलेल्या बाजूचे पोलाद अतिशय पातळ होऊन पलीकडे वळते, त्याला बर म्हणतात. कापसाचा बोळा पाठीकडून धारेच्या बाहेर अलगद नेला की बर असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. धारेच्या पूर्ण लांबीभर बर आली की ती बाजू झाली, आता पाते उलटा. दुसऱ्या बाजूलाही बर आल्यावर दोन्ही बाजूंना एक-एक ओढ, जोर दर वेळी कमी करत. मग फिल्मवर तेच, आणि शेवटी चामड्यावर. बर पूर्ण गेल्याशिवाय पात्याने कापू नका. ती सुरुवातीला फार तीक्ष्ण वाटते, पण थोडे कापले की तुटून जाते आणि मागे खडबडीत कड ठेवते.

विजेच्या ग्राइंडरला ही पाती लावू नका. एवढे पातळ पोलाद क्षणात तापते. कार्बन स्टीलवर निळा रंग चढला तर तिथले पाणी उतरले, म्हणजे पोलाद मऊ पडले, आणि त्या जागी धार पुन्हा टिकत नाही.

तुटलेले टोक

कागदकामात बहुतेक कापणी शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये होते, त्यामुळे टोक तुटले की बाकीची धार शाबूत असूनही पाते निरुपयोगी वाटते. ते वाचवता येते. धारेला हात लावू नका. पात्याची पाठ टोकाजवळ दगडावर तिरकी घासत जा, पाठीची रेघ धारेच्या रेघेला पुन्हा जाऊन मिळेपर्यंत. नवे टोक त्या मिलनाच्या जागी तयार होते आणि मूळ धार जशीच्या तशी राहते. या कामाला १००० नंबर चालतो, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटी टोकाच्या दोन्ही सपाट बाजू फिल्मवर एक-दोनदा फिरवा, म्हणजे पाठीला आलेली खरखर निघते. टोक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त गेले असेल तर वेळ घालवू नये.

गोंद, गंज आणि जागा

चिकटपट्टी किंवा स्टिकर कापल्यावर गोंद पात्यावर बसतो आणि पाते बोथट झाल्यासारखे वाटते. धार लावायला घेण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. नव्या पात्यावर गंज टाळण्यासाठी तेलाचा हलका थर असू शकतो, तोही पुसा, नाहीतर कागदावर डाग पडतो. दगडावरून काढलेले पाते पूर्ण कोरडे करा. काही दिवस वापरायचे नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटभर कापडावर घेऊन फिरवा. पाती सुटी ड्रॉवरमध्ये टाकू नका. एकमेकांवर आपटून टोके जातात, आणि शोधणाऱ्याचा हातही कापतो. मुठीला टोपण, आणि सुट्या पात्यांना कप्प्यांची डबी.

थांबायचे कधी

दोन-तीनदा दगडावर गेलेले पाते अरुंद होते आणि उतरती बाजू जाड होत जाते, मग ते कितीही तीक्ष्ण केले तरी कागदात पाचरीसारखे शिरते आणि कडा उघडतात. अशा पात्याला पुठ्ठ्याच्या, पार्सल उघडायच्या कामाला लावा. काळे ठिपके खोल गेलेला गंज असेल तर सरळ टाकून द्या.

स्काल्पेलचे पाते मुठीतून काढताना बोटांनी ओढू नका, पक्कडीने धरा आणि अंगापासून दूर सरकवून काढा. मोडायचा तुकडाही पक्कडीनेच मोडा, रेघ असलेली बाजू वर ठेवून पाते खालच्या दिशेला वाकवा. जुनी पाती टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी फट पाडा आणि झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करा. डबा भरला की फटीवरही चिकटपट्टी लावा, वर ‘धारदार पाती’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि मगच कचऱ्यात द्या. कचरा उचलणाऱ्यांच्या हातांना पिशवीतून काय टोचेल हे बाहेरून दिसत नसते.